नुसत्या फुलांची खंडेनवमी

"आधी आंघोळ करून घ्या, मग सांगते," प्रमिला म्हणाली.

दसऱ्याची सकाळ होती. मी बंगलोरहून बसनं आलो होतो. अंग आंबून गेलं होतं, बॅग अजून हातातच होती. उंबऱ्यावरूनच मी तिला बातमी दिली होती. बंगलोरच्या कंपनीनं पुढच्या मोठ्या कामाला तोंडी होकार दिला होता. अट एकच. पहिले बारा सिलिंडर परवा, त्यांचा तपासनीस नाशकात येईल तेव्हा, तयार असले पाहिजेत. ते तर तयारच होते. जुळवून, दाबाची चाचणी घेऊन, शिक्का मारून टेबलावर ओळीनं ठेवलेले मी जाताना स्वतः पाहिले होते.

अशा बातमीवर एरवी तिनं देवापुढं साखर ठेवली असती. ती पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते.

"काय झालं ते आत्ताच सांग."

"काल पूजा करताना मी ताट घेऊन त्या खोलीत गेले," ती म्हणाली. "सिलिंडरांनाही हळदकुंकू लावावं म्हटलं. अक्षता वाहिल्या."

"मग झटकून टाक."

"मी बुचं काढली होती. पुसायला. काहींची तोंडं उघडी होती."

मी बॅग मांडीवर घेऊन तिथंच सोप्यात बसलो.

आमचं वर्कशॉप अंबडच्या एमआयडीसीत होतं, अजूनही आहे. त्या वर्षापर्यंत आम्ही विमानाच्या कारखान्यांसाठी ब्रॅकेट, झाकणं, बिजागऱ्या असलं सुटं काम करायचो. सिलिंडर हे आमचं पहिलं जुळणीचं काम. विमान उडालं की चाकं पोटात जातात आणि त्यांच्यावर एक दार बंद होतं. ते दार ओढणारा हा सिलिंडर, हातभर लांब, तेलाच्या दाबावर चालणारा. आत रबराच्या कड्या असतात आणि प्रत्येक कडीच्या पाठीला एक पातळ, दुधी रंगाची कडी, दाबाखाली रबर फाटू नये म्हणून. सगळी मिळून मूठभर वस्तू, पण त्यांच्यात केस जरी अडकला तरी चालत नाही. म्हणून आम्ही शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली बांधली होती. आत जायचं तर पांढरा कोट, टोपी, पायांवर पिशव्या. कोटाशिवाय मी मालक असूनही आत जात नसे. तो नियम आमचे जुळणीचे मिस्त्री आहेरमामा यांनी घातला होता आणि पहिल्या दिवशी त्यांनी मलाच दारातून परत पाठवलं होतं.

त्या खोलीत ही बाई कुंकवाचं ताट घेऊन गेली होती.

मी तिला बोललो. फार बोललो असं नाही, माझ्यात तेवढा जीव नव्हता. पण जे बोललो ते लागेल असं बोललो. इतकी वर्षं वर्कशॉप बघतेस, माल तुझ्या हातून तपासून जातो आणि तुला एवढं कळू नये. ती ऐकून घेत होती. मग मी जरा शांत झाल्यावर म्हणालो, सगळं उघडायची काय गरज आहे. तेल सोडून धुऊन काढू. दाणा असलाच तर निघेल. नाही निघाला तर तेलात विरघळेल. एक दाणा तो.

"आणि नाही विरघळला तर?"

"कोणाला कळणारे?"

हे मी म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. आपला अंदाज बरोबर निघाला की माणूस बघतो तसं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

"विमानात वर बसलेल्या पोराला खाली उतरायचं असतं," ती म्हणाली. "सगळे उघडायचे. एकन् एक. मी मामांना निरोप धाडलाय."

* * *

आम्ही स्कूटरवरून निघालो. कॉलनीत दारोदार तोरणं लागली होती, लोक आपट्याच्या डहाळ्या घेऊन चालले होते. ओळखीच्या एकानं मध्येच थांबवून हातात पानं ठेवली आणि सोन्यासारखे राहा म्हणाला. प्रमिला मागं बसली होती. तिच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत इस्त्री केलेला एक कोट. खंडेनवमीच्या आधी शेड धुवायची, हत्यारं पुसायची आणि खोलीतले सगळे कोट तिनं घरी नेऊन धुवायचे, ही आमची दर वर्षाची रीत होती. मी विचारलं, एकच का. म्हणाली, बाकीचे अजून दमट आहेत. मामांचा तेवढा वाळलाय.

नारायण आहेर हे मूळचे देवळ्याचे. सगळं आयुष्य विमानाच्या कारखान्यात जुळणी करण्यात गेलं. मी तिथं शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा ते माझे मिस्त्री होते. पान्यानं माझ्या बोटावर मारून त्यांनी मला पाना धरायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी त्यांना माझ्याकडं आणलं. शेडमागच्या खोलीत ते एकटे राहायचे, पंधरवड्यानं गावी जायचे. चारचौघांत मला दिघेसाहेब म्हणायचे आणि शेड रिकामी झाली की अरे-तुरे.

त्यांच्याकडं एक शिक्का होता, अंगठ्याच्या पेराएवढा. आमच्या धंद्यात जो जुळणी करतो तो मालाच्या कागदावर स्वतःचा शिक्का उमटवतो. तो दुसऱ्यानं वापरायचा नाही. कंपनीनं मामांची परीक्षा घेऊन तो दिला होता आणि त्या एका शिक्क्यावर आमच्यासारख्या लहान वर्कशॉपला हे काम मिळालं होतं. शिक्का मारलेल्या मालात चूक निघाली तर कंपनी शिक्का परत घेते. मग त्या माणसाला कोणी विमानाच्या जवळ येऊ देत नाही. मामा तो शिक्का कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवत. मी एकदा थट्टेनं म्हटलं, मामा, झोपताना तरी सोडा. ते म्हणाले, झोपेतच चोर येतो.

आम्ही पोचलो तेव्हा मामा शेडच्या दारात धुतलेला सदरा घालून उभे होते. आत सगळ्या मशिनांना झेंडूच्या माळा होत्या. लेथच्या डोक्यावर कुंकवाचे पट्टे, ड्रिलपुढं नारळ. पान्यांच्या फळीवर फुलं आणि तांदूळ पडलेले होते. ते लाल दाणे बघून माझं डोकं पुन्हा उठलं.

प्रमिलानं मामांना तेच सगळं सांगितलं. ताट, अक्षता, बुचं.

मामांनी काचेच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "बाई, बुचं मी लावली होती."

"मी काढली, मामा. परत लावली."

"तुम्ही?"

"मी."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मला वाटलं मामांना राग आवरत नाहीये, आणि मला बरं वाटलं. आणखी कोणीतरी तिच्यावर रागावलेलं मला हवं होतं.

मामा माझ्याकडं वळले. "दिघेसाहेब, पूजलेलं हत्यार सीमोल्लंघनाच्या आधी उचलू नये. आपल्या बापजाद्यांनी उचललं नाही."

"मी उचला म्हणतेय," प्रमिला म्हणाली. "त्याचं जे काय असेल ते माझ्या डोक्यावर."

"माझा शिक्का बसलाय त्यांच्यावर."

"शिक्का तुमचाच राहील. कागदावर लिहायचं, पूजेच्या अक्षता आत गेल्याचा संशय. पूजा करणारी म्हणून माझं नाव लिहायचं. तुमच्या कामाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही."

तिनं कोट पिशवीतून काढून मामांपुढं धरला. मामांनी तो बराच वेळ घेतला नाही. मग घेतला, घडी न मोडता छातीशी धरला आणि पान्यांच्या फळीपाशी गेले. फुलं बाजूला केली. एक पाना उचलला, कपाळाला लावला आणि खोलीत गेले.

* * *

मी काचेबाहेर स्टूल टाकून बसलो. कोट नाही म्हणून आत जाता येईना आणि तिथून उठवेना. एकेक सिलिंडर उघडायचा, आतलं सगळं पांढऱ्या कापडावर मांडायचं, भिंगाखाली बघायचं. एकदा उघडला की जुन्या कड्या टाकून द्यायच्या आणि नव्या घालायच्या, हा नियमच आहे. मग पुन्हा चाचणी, आणि चाचणीला दिवस लागतात. तपासनीस परवा येणार होता. हिशोब मला बसल्या बसल्या कळत होता.

मामांनी पहिला सिलिंडर हातात घेतला आणि लगेच उघडला नाही. डोळ्यांजवळ नेऊन सगळीकडून फिरवून बघितला. खाली ठेवला. दुसरा घेतला, तोही तसाच बघितला. तिसरा, चौथा. मी काचेवर टकटक करून खुणेनं विचारलं, काय झालं. त्यांनी हातानंच थांब म्हटलं. बाराही बघून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले. मग पहिल्यापासून उघडायला सुरुवात केली.

प्रमिला शेडमध्ये नव्हती. मागं मामांच्या खोलीत स्टोव्हवर काहीतरी करत होती. दसऱ्याचा दिवस म्हणून तिनं तिथंच शिरा केला. मी खाल्ला नाही.

दुपार कलली असेल. निम्म्याच्या वर झाले होते. एक सिलिंडर उघडून मामांनी दट्ट्या बाहेर काढला आणि त्यांचा हात तसाच राहिला. भिंगाखाली धरला, काढला, पुन्हा धरला. मग ते टेबलाला टेकून खाली बसले. त्या खोलीत कोणी जमिनीवर बसत नाही. मी उठून काचेला नाक लावलं. मामांनी मान हलवून काही नाही अशी खूण केली. म्हातारा माणूस, उपाशी, सकाळपासून उभा. मला वाटलं चक्कर आली असेल. थोड्या वेळानं ते उठले, नव्या कड्यांची पुडी फोडली आणि कामाला लागले. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही.

सगळं उरकून ते बाहेर आले तेव्हा प्रमिला दारात चहा घेऊन उभी होती.

"तांदूळ सापडला का मामा?"

मामांनी कप घेतला. 

"नाही सापडला, बाई."

"बरं झालं," ती म्हणाली.

मी उठून शेडच्या बाहेर निघून गेलो. बरं झालं. मला ते दोन शब्द कित्येक वर्षं ऐकू यायचे.

* * *

तपासनीस ठरल्या दिवशी आले. पणिक्कर नावाचे सभ्य गृहस्थ होते. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, म्हणजे मला जे खरं वाटत होतं ते. ते हसले नाहीत. सांगितलंत हे चांगलं केलंत, असं हिंदीत म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. बारा सिलिंडर उशिरा गेले आणि सगळेच्या सगळे पास झाले. मोठं काम मात्र हैदराबादच्या एका कंपनीला गेलं. ज्यांच्या शेडमध्ये हळदकुंकू पोचतं त्यांच्याकडं जुळणी कशी द्यायची, असं कोणीतरी बैठकीत म्हणाल्याचं पुढं कानावर आलं. मी त्या माणसाला दोष दिला नाही. मीही तेच म्हणालो असतो.

काम गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मामांनी करगोट्याचा शिक्का सोडून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, डोळे थकले, गावी जातो. मी थांबा म्हणालो. त्यांना मोतीबिंदू होता हे मला माहीत होतं, ऑपरेशन करून घेऊ म्हणालो. ते काही ऐकेनात. जाताना प्रमिलाच्या पाया पडायला वाकले. एवढा वडीलधारा माणूस. तिनं वरच्यावर त्यांचे हात धरले आणि म्हणाली, मामा, मला पापात नका घालू. मला वाटलं, निरोपाच्या वेळी माणूस हळवा होतो.

एका दाण्यापायी काम गेलं आणि मिस्त्रीही गेला, असा माझ्या मनात हिशोब बसला तो बसला. काचेच्या खोलीत आम्ही पुढं खोकी ठेवायला लागलो. आम्ही पुन्हा ब्रॅकेट आणि झाकणं करायला लागलो. त्यावर घर चाललं, पोरीचं शिक्षण झालं, ती नोकरीला पुण्याला गेली. तक्रार करावी असं काही नाही.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी शेडच्या दाराशी पाटी लावली. पूजेत अक्षता वापरू नयेत, नुसती फुलं वाहावीत. पाटी बघून नवा माणूस विचारायचाच. मग मी तो किस्सा सांगायचो. आधी सांगताना माझ्या आवाजात धार असायची. मग दरवर्षी सांगून सांगून ती बोथट झाली आणि त्याचा विनोद झाला. कंपन्यांचे इंजिनिअर, बँकेचे साहेब, शेजारच्या शेडचे मालक, सगळ्यांना मी सांगितलाय. आमच्या मालकीणबाईंनी विमानाला अक्षता टाकल्या, आता फक्त मुंडावळ्या बांधायच्या राहिल्यात. लोक हसायचे. प्रमिला तिच्या तपासणीच्या टेबलावर मापं घेत असायची. मी शेवटाला आलो की मान वर न करता ती तिकडून म्हणायची, "आणि सापडला का एक तरी दाणा?" त्यावर सगळे आणखी हसायचे. ती पण.

* * *

ती गेली त्याला आता वर्षाच्या वर झालं. किडनीचं दुखणं होतं. ते चाललं बरेच दिवस आणि संपलं एका सकाळी, मी खाली औषधं आणायला गेलो होतो तेव्हा. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

उन्हाळ्यात तिची बहीण साड्या न्यायला आली. कपाट रिकामं केल्यावर मी देवघराच्या खालचा खण काढला. त्यात तिचा चांदीचा करंडा होता, तिच्या आईनं दिलेला. रोजच्या कुंकवाची डबी वेगळी होती, हा ती सणाला काढायची. बहीण म्हणाली, यातलं कुंकू तुळशीत टाका आणि करंडा पोरीला द्या. मी कुंडीपाशी जाऊन तो उपडा केला. कुंकवाबरोबर काहीतरी बारीक पडलं.

मी बोटांत धरून फुंकलं. पातळ कडी होती. मूळची दुधी, आता कुंकवानं गुलाबी झालेली. अशी कडी आमच्या घरात असायचं काही कारण नव्हतं. त्या मापाची कडी आम्ही एकदाच वापरली होती, त्या बारा सिलिंडरांत. माप घ्यायची गरज नव्हती. तरी मी वर्कशॉपात जाऊन मायक्रोमीटर लावला. मग तिथंच तिच्या टेबलाशी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी देवळ्याची एसटी धरली. मामा मळ्यातल्या घरी पडवीत बाजेवर बसले होते. कांद्याची चाळ भरायचं काम चाललं होतं, त्याचा वास सगळीकडं होता. त्यांचा एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्यानं नुसता उजेड कळायचा. मी नाव सांगायच्या आत त्यांनी पावलांवरून ओळखलं. बाई गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. सुनेनं पाणी आणलं.

मी कडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवली. एकदाच.

"कुठं होती?"

"तिच्या कुंकवाच्या करंड्यात."

चाळीवरचा गडी काहीतरी विचारायला आला, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं.

"माझ्या कोटाच्या खिशात घावली असेल बाईंना," ते म्हणाले. "धुताना. माझी बोटं तेव्हाच जाड झाली होती, दिसायचंही नाही धड. कडी हातून सुटली असेल, खिशात पडली असेल. मी बसवली असंच धरून चाललो. ती नसली तरी पहिल्या चाचणीत कळत नाही. गळायला लागतो तो पुढं. हवेत."

"तुम्हाला कधी कळलं?"

"बाई बोलल्या तेव्हाच कळलं, काहीतरी आहे. बुचावर मी लाल रंगाची रेघ ओढायचो ना, बूच आणि सिलिंडर दोन्हीवरून? बूच हललं की ती तुटते. तूच तर डबी आणून द्यायचास. आत जाऊन पहिल्यांदा रेघा बघितल्या. बाराच्या बारा शाबूत. कोणी बूच काढलंच नव्हतं. तांदूळ कुठून जाईल?"

"मग बाहेर येऊन सांगितलं का नाही?"

"बाई कशाला खोटं बोलतील?" मामा म्हणाले. "आणि ते पण स्वतःवर घेऊन. म्हटलं, उघडून बघू. आठव्यात कळलं."

चाळीकडून कोणीतरी हाक मारत होतं. मामांनी कडी अजून धरलेली होती.

"बाहेर आलो तर बाई चहा घेऊन उभ्या. तांदूळ सापडला का म्हणाल्या. मी नाही म्हटलं. तू पण होतास तिथं. त्याच्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. मी शिक्का ठेवला तेवढंच."

"मला सांगायचं होतं तिनं," मी म्हणालो.

मामांनी मान माझ्याकडं वळवली. डोळे माझ्या खांद्याच्या जरा पलीकडं बघत होते.

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मला ते माहीत नाही. तिला माहीत होतं. मी कागदावर लिहून मामांचा शिक्का घालवला असता, किंवा मी पुन्हा तेच म्हणालो असतो, कोणाला कळणारे. दोन्हींतलं काहीही झालेलं तिला नको होतं. म्हणून तिनं सगळ्यांना पटेल अशी एक वेडी बाई उभी केली आणि एकच कोट इस्त्री करून आणला.

निघताना मामांनी हात धरून ठेवला. "तो किस्सा तू अजून सांगतोस म्हणे."

"सांगतो."

"आता खरं सांग. माझं आता काय जायचं राहिलंय. बाईंच्या नावावर नको ते."

"तिनं सांगितलं नाही," मी म्हणालो. "मी कसं सांगू."

मामांनी कडी माझ्या हातात परत दिली आणि मूठ मिटवली. त्यानंतर त्यांनी एक हिवाळाही पुरता काढला नाही. म्हणून आज हे लिहितोय.

* * *

कडी सापडली त्या वर्षीची खंडेनवमी मामा असतानाच झाली. मला करायची नव्हती, पण कामगारांनी शेड धुऊन काढली, माळा आणल्या. हळदकुंकू कोण लावणार असं कोणी विचारलं नाही. मीच लावलं. लेथला, ड्रिलला, पान्यांच्या फळीला. तिच्या टेबलावरच्या मायक्रोमीटरलाही एक फूल ठेवलं.

पुण्याच्या एका कंपनीची तरुण इंजिनिअर मुलगी त्या दिवशी आमचं काम बघायला आली होती. ड्रोनचे भाग करून घ्यायचे होते त्यांना. हुशार होती, प्रश्न नेमके विचारत होती. दाराशी ती थांबली, पाटी वाचली आणि तिनं विचारलं, "काका, अक्षता का नाहीत तुमच्याकडं?"

कामगार माझ्याकडं बघायला लागले. जुन्यांना किस्सा पाठ होता. ते हसायच्या तयारीत नव्हते, पण मी काय करतो ते बघत होते. आता त्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं. खरं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. माझी बायको कोण होती ते कोणाला तरी कळावं असं वाटलं. करंडा मी पोरीला दिला नव्हता, घरी देवघरातच होता, आणि कडी त्यात होती.

मी सांगायला लागलो. आमच्या मालकीणबाई, काचेची खोली, हातात ताट. अक्षता टाकल्या, मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या. मुलगी हसली. कामगारही मग थोडे हसले. मी सगळा सांगितला, दसरा, मामा, बारा सिलिंडर, गेलेलं काम, काही गाळलं नाही आणि काही घातलं नाही.

शेवटाला येऊन मी थांबलो. सवयच होती तिथं थांबायची. मी तिच्या टेबलाकडं पाहिलं.

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग काय," मी म्हणालो. "सापडला का एक तरी दाणा?"